चालणाऱ्यांची ओसरी

मुंबईत दादाभाई नौरोजी रस्त्यावर भर जुलैत छत्री न उघडता बरंच अंतर चालता येतं. गंमत नाही, खरंच येतं. सीएसएमटीच्या समोरून निघायचं आणि फ्लोरा फाउंटनच्या दिशेने दगडी कमानींच्या आतून चालत राहायचं. मधे एखादी गल्ली आली की पाच-दहा पावलं भिजायचं, की पुन्हा डोक्यावर छप्पर. एका हाताला दुकानांच्या काचा, दुसऱ्या हाताला जाडजूड खांब, आणि खांबांच्या पलीकडे बस, टॅक्सी, पाणी, चिखल, सगळं आपापल्या जागी. पालघरहून जाऊन-येऊन मी बावीस वर्षं फोर्टात नोकरी केली. शटलमध्ये उभं राहून पाय दुखले असतील, कोपर लागून बरगड्या दुखल्या असतील, पण त्या कमानींखाली चालताना कधी जीव मुठीत धरावा लागला नाही.

ही वाट तिथे आपोआप आलेली नाही. कुणा उदार शेठजींनी दानही केलेली नाही. तिच्यामागे १८९६ सालचा एक नियम आहे. आज त्या नियमाची गोष्ट सांगायची आहे. जुनी गोष्ट आहे, पण ती उकरून काढायला कारण आजचं आहे.

कारण असं. आई पालघरला स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत राहते. खाली सात दुकानं, वर दोन मजले, पावसाळ्यात प्रत्येक जिन्यात एक बादली. आता ती इमारत पाडून नवी बांधायचं घाटतंय. खाली मोठी दुकानं, पहिल्या मजल्यावर ऑफिसं, वर घरं. आणि आईचं वय अठ्ठ्याहत्तर. गेल्या वर्षी श्रावणात भाजी घेऊन येताना ती गटाराच्या फुटक्या लादीवरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. लादी कुणाची, गटार कुणाचं, यावर बरीच चर्चा झाली. निष्कर्ष अर्थातच काही निघाला नाही. मनगट जुळलं, पण तेव्हापासून बाजारात एकटी जायला ती घाबरते. जी बाई चाळीस वर्षं सगळा बाजार पायी करायची, तिला आता दोनशे पावलांसाठी रिक्षा लागते. म्हणून नव्या इमारतीचा नकाशा जेव्हा आमच्यासमोर आला, तेव्हा मला हॉर्नबी रोड आठवला.

हॉर्नबी रोड हे दादाभाई नौरोजी रस्त्याचं जुनं नाव. विल्यम हॉर्नबी हा १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता, वरळीच्या बांधाशी ज्याचं नाव जोडलं जातं तोच. त्या काळी फोर्ट म्हणजे खरोखरचा कोट होता, चारी बाजूंनी तट आणि खंदक. आत दाटीवाटीने घरं आणि अरुंद गल्ल्या. सर बार्टल फ्रिअर १८६२ साली गव्हर्नर झाला आणि त्याने हे तट पाडायला घेतले. त्यासाठी खास समिती नेमली गेली आणि तिच्या दिमतीला जेम्स ट्रबशॉ नावाचा वास्तुतज्ज्ञ दिला गेला. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, शहरात पैसा खेळत होता. तट गेले आणि मोकळी जागा मिळाली. आजच्या भाषेत सांगायचं तर ही मुंबईची पहिली मोठी 'रीडेव्हलपमेंट'.

आता अशी मोकळी जागा आणि हातात पैसा असलेले लोक एकत्र आले की काय होतं ते आपण सगळेच रोज बघतो. प्रत्येकाला आपला इंच न इंच हवा असतो. पण त्या वेळच्या मुंबईत एक गोष्ट आधीच करून बघितलेली होती. टाउन हॉलसमोर एक मोकळं मैदान होतं, तिथे कापसाचे गठ्ठे पडलेले असायचे. पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट याच्या कल्पनेतून त्या जागी गोलाकार बाग आणि भोवती इमारतींचं कडं उभं राहिलं. हे एल्फिन्स्टन सर्कल १८७२ च्या सुमारास पुरं झालं. 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांच्या नावाने आज आपण त्याला हॉर्निमन सर्कल म्हणतो. तिथे भूखंड वेगवेगळ्या लोकांनी घेतले, पण दर्शनी बाजू सगळ्यांनी एकसारखी ठेवायची होती. तेच मजले, त्याच रेषा, आणि खाली चालायला सलग कमानी. म्हणजे मालक अनेक, पण रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटावं की एकच इमारत गोल वळली आहे.

हॉर्नबी रोडची गोष्ट वेगळी आहे आणि मला ती जास्त आवडते. हा रस्ता हळूहळू भरत गेला. उत्तरेकडे क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली झालं होतं, स्टीव्हन्सचं व्हिक्टोरिया टर्मिनस १८८० च्या दशकात उभं राहिलं, समोर महापालिकेची इमारत १८९३ साली. रस्त्याला महत्त्व आलं. बँका, विमा कंपन्या, चष्म्यांची दुकानं, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, पारशी संस्था, सगळ्यांना इथे जागा हवी होती. तेव्हा १८९६ साली नियम आला: तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने पादचाऱ्यांसाठी कमानीखालची वाट सोडायची.

यातली गंमत लक्षात घ्या. इमारत कशी दिसावी यावर फारशी सक्ती नाही. म्हणून त्या रस्त्यावर आजही गॉथिक टोकदार कमानी आहेत, ग्रीक-रोमन वळणाचे खांब आहेत, घुमट आहेत, देशी कलाकुसर आहे. जे. एन. पेटिट लायब्ररीची १८९८ सालची इमारत पाहा आणि तिच्या आजूबाजूच्या पाहा, एकीचं तोंड दुसरीसारखं नाही. प्रत्येक मालकाने आपापली हौस भागवून घेतली. पण पायाशी सगळ्यांनी एक गोष्ट पाळली. तीमुळे शंभर वेगवेगळ्या डोक्यांतून निघालेल्या इमारतींचा एक रस्ता झाला. लग्नाच्या पंगतीत प्रत्येकीची पैठणी वेगळी असली तरी पानात मीठ ठरल्या जागीच वाढतात ना, तसं.

आणि हिशोब बघितला तर मालकाचंही फार जात नव्हतं. तळमजल्याची थोडी रुंदी सोडायची, पण वरचे मजले त्या वाटेवरून पार रस्त्याच्या कडेपर्यंत आणायचे. म्हणजे वर काही गमवायचं नाही, आणि खाली दुकानाला काय मिळतं? सावली. उन्हात काच तापत नाही, पावसात गिऱ्हाईक पळत नाही, उलट पाऊस आला की नसलेलं गिऱ्हाईकही आत येऊन काचेतल्या वस्तू बघत उभं राहतं. माझ्या कपाटातल्या निम्म्या पर्स अशा पावसात घेतलेल्या आहेत. आमच्या ह्यांना विचारा!

ही युक्ती मुंबईचीच असंही नाही. इटलीत बोलोन्या नावाचं शहर आहे. तिथे १२८८ साली कायदा झाला की नवं घर बांधणाऱ्याने पुढे ओसरी सोडलीच पाहिजे, आणि ज्यांच्या घरांना नाही त्यांनी ती जोडून घ्यावी. जागा घरमालकाची, देखभाल त्याची, चालायचा हक्क मात्र सगळ्यांचा. आज तिथे अशा ओसऱ्यांची एकूण लांबी ६२ किलोमीटर भरते, आणि २०२१ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशात घेतलं. म्हणजे इथून, पालघरहून निघालात तर नायगाव-भाईंदर ओलांडून दहिसरच्याही पुढे जाल एवढं अंतर डोक्यावर छप्पर घेऊन. सिंगापुरातही १८२२ साली रॅफल्सने शहराची आखणी करताना सांगून ठेवलं होतं की प्रत्येक घराच्या पुढे सलग, कायम मोकळी राहणारी, छप्पर असलेली वाट हवी. तिथल्या जुन्या दुकानांपुढे त्या 'पाच फुटी' वाटा आजही आहेत. पाऊस पडणाऱ्या आणि ऊन भाजणाऱ्या गावांना हे शहाणपण सुचणं साहजिकच म्हणायचं.

आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? केळवे-माहीमकडची जुनी वाडवळी घरं आठवा. आधी अंगण, मग ओटी किंवा पडवी, मग घर. ओटी घराची असते, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला तिथे बसायला कुणी हटकत नाही. पालघरच्या बाजारातली माझ्या लहानपणीची दुकानंही अशीच होती. पुढे ओटा, वर पुढे आलेले पत्रे, खाली फळीवर बसलेले दुकानदार. पाऊस आला की माणसं पत्र्यांखालून सरकत पुढे जायची. आत्याला आठवत असेल, आम्ही दोघी पत्र्यांखालूनच शाळेतून घरी यायचो, आणि एका दुकानाचा पत्रा जिथे संपतो आणि पुढच्याचा सुरू होतो तिथे पागोळी बरोबर मानेत पडायची! तेवढी एक फट कुणीतरी जोडायला हवी होती. हॉर्नबी रोडच्या नियमाने केलं ते हेच. ओसऱ्या सगळीकडेच असतात. त्या एकमेकींना जोडायला नियम लागतो.

पण नुसता नियम करून भागत नाही, हे या गोष्टीचं दुसरं अर्धं.

१९९० च्या दशकापर्यंत दादाभाई नौरोजी रस्त्याची कळा पार गेली होती. कमानींवर एवढ्या मोठाल्या पाट्या चढल्या होत्या की कमान आहे हेच कळायचं नाही. प्रत्येक दुकानाची पाटी शेजारच्यापेक्षा दोन फूट मोठी. वर एसीची खोकी, खाली लोंबणाऱ्या वायरी. ज्या रस्त्याने शंभर वर्षांपूर्वी शिस्त पाळली, तिथे शिस्तीची आठवण राहिलेली नव्हती. मग १९९५ साली मुंबईसाठी वारसा जतनाची नियमावली आली, देशात अशा प्रकारची पहिलीच. इमारतींची यादी झाली, श्रेणी ठरल्या, आणि यादीतल्या इमारतीत बदल करायचा तर मुंबई वारसा संवर्धन समितीपुढे नकाशा न्यायची पद्धत पडली. दादाभाई नौरोजी रस्त्याची नोंद तर अख्खा रस्ता म्हणून झाली.

त्यानंतर १९९८ च्या सुमारास मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने या रस्त्याचा अभ्यास करायचं काम वास्तुतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्याकडे सोपवलं. त्यांनी एकेका इमारतीची पाहणी केली आणि पाट्या कुठे, केवढ्या, कशा लावायच्या याची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली. म्हणणं साधं होतं. पाटी कमानीवर चढवू नका, कमानीच्या आत बसवा, म्हणजे पाटीही दिसेल आणि कमानही. पण दुकानदाराला स्वतःच्या खर्चाने पाटी लहान करायला सांगणं म्हणजे काय ते ज्याने दुकान चालवलंय त्यालाच कळेल. एकाने काढली आणि शेजाऱ्याने नाही काढली तर? म्हणून दुकानोदुकानी जाऊन समजावणं, मालकांना एकत्र आणणं, हे सगळं करावं लागलं. हळूहळू कमानी पुन्हा दिसायला लागल्या. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांमध्ये या कामाची दखल घेतली गेली. नंतरच्या काळात जाता-येता मी ते बदल डोळ्यांनी पाहिलेत. बारीकसारीकच होते, पण मान वर करून चालावंसं वाटायचं.

आणि फेरीवाले? हो, तो प्रश्न आहेच, आणि तो टाळून ही गोष्ट सांगणं लबाडी होईल. जिथे सावली आणि वर्दळ, तिथे विकणारा येणारच. पुस्तकं, मोबाइलची कव्हरं, इलेक्ट्रॉनिक वस्तू, काय वाट्टेल ते त्या कमानींखाली मिळायचं, आणि कधी कधी चालायला जेमतेम एक माणूस जाईल एवढीच जागा उरायची. हेही फक्त आपल्याकडे होतं असं नाही. सिंगापुरात १८८८ च्या फेब्रुवारीत नगरपालिकेने त्या पाच फुटी वाटा मोकळ्या करायला घेतल्या, तर दुकानं बंद झाली आणि रस्त्यावर दंगल उसळली. इतिहासात तिला व्हरांड्यांची दंगल म्हणतात!

म्हणून वाटतं, वाट आखताना चालणाऱ्याबरोबर विकणाऱ्याचीही जागा आखायला हवी. २०१४ साली पथविक्रेत्यांसाठी कायदा झाला तो याच समजुतीवर. २०१७ च्या सप्टेंबरात एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ जीव गेले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्टेशनांपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई असल्याचं स्पष्ट केलं. पण हे दीडशे मीटर मोकळे झाले म्हणजे ती माणसं एकशे एकावन्नाव्या मीटरवर जाणार. तिथे त्यांच्यासाठी आधीच काही आखलेलं नसेल तर ती पुन्हा चालणाऱ्याच्याच वाटेवर बसणार. त्यांचा तरी दोष कसा म्हणायचा? सातपाटीहून पाटी घेऊन येणाऱ्या मावशी बाजारात नसतील तर आमची आई बाजारात जाईल कशाला?

आता आपल्या गावाकडे येऊ.

पालघर हे चालत आलेल्यांचं गाव आहे असं मला नेहमी वाटतं. १४ ऑगस्ट १९४२ ला सातपाटी, मुरबे, नांदगाव अशा किनाऱ्याकडच्या गावांतून माणसं पायी कचेरीवर आली होती. गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांच्या आठवणीत दरवर्षी त्या दिवशी पालघरचा बाजार बंद असतो आणि लोक स्तंभाकडे चालत जातात. चौकात त्या दिवशी जी शांतता असते ती एरवी वर्षभर मिळत नाही. एरवी तिथून रस्ता ओलांडायचा म्हणजे रिक्षावाल्याच्या डोळ्याला डोळा भिडवून, देवाचं नाव घेऊन पाऊल टाकायचं.

बोईसरचं आणखी निराळं. तारापूरची अणुभट्टी १९६९ साली वीज द्यायला लागली, मागोमाग औद्योगिक वसाहत आली आणि एका लहान स्टेशनाचं बघता बघता शहर झालं. पण शहर झालं ते तुकड्या-तुकड्यांत. अणुऊर्जेची वसाहत एकाच्या आखणीने, कारखान्यांचा भाग औद्योगिक महामंडळाच्या, आणि मधला बाजार ग्रामपंचायतीच्या हद्दीत. तिन्ही ठिकाणी परवानगी देणारा वेगळा. माझा मामेभाऊ तिथे एका कारखान्यात पाळीला जायचा. तो म्हणायचा, "ताई, झाडाखालून निघतो, ट्रकांच्या मधून जातो आणि गटारावरून पोचतो." एकाच माणसाची एकच वाट, पण ती सलग बघणारं कुणी नाही. मानेत पडणारी ती पागोळी इथे जरा मोठी झाली, एवढाच फरक.

आणि आता पालघर बदलतंय. २०१३ साली डहाणूपर्यंत लोकल आली. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा होऊन पालघर राज्याचा ३६ वा जिल्हा झाला. जिल्ह्याचं मुख्यालय वसवायला सिडकोकडे सुमारे ४४० हेक्टर जागा आली आणि बोईसर रस्त्याला कोळगावजवळ कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद अशा इमारती उभ्या राहिल्या. त्यांचं उद्घाटन ऑगस्ट २०२१ मध्ये झालं. इमारती देखण्या आहेत, नक्कीच. उरलेल्या जागेवर नवं शहर, म्हणजे घरं आणि बाजार, अशी कल्पना आहे. इकडे जुन्या गावात, स्टेशनभोवती, आमच्यासारख्या इमारती एकेक करून पाडायला निघाल्या आहेत. १८६२ नंतर फोर्टचं जे झालं त्याची ही आपल्या गावाच्या बेताची आवृत्ती. तट पडलेत, जागा मोकळी होतेय, पैसा येतोय. फक्त १८९६ अजून यायचं आहे.

तर नकाशाची बैठक. दुकानदार सात, वरचे रहिवासी आम्ही अकरा, बिल्डरचा माणूस आणि एक तरुण आर्किटेक्ट. दीड तास चर्चा झाली ती कुणाला किती कार्पेट मिळणार यावर. मग मी विचारलं, "चालणारा माणूस यात कुठून जातो?" आर्किटेक्टने नकाशा फिरवून फिरवून पाहिला. दुकानांच्या पायऱ्या थेट रस्त्याच्या कडेला उतरत होत्या आणि उरलेल्या जागेत गाड्या लावायच्या होत्या. चालणारा कुठेच नव्हता.

मी हॉर्नबी रोडची गोष्ट सांगितली. हिशोबही मांडला. आमच्या इमारतीची दर्शनी बाजू समजा वीस मीटर. तळमजल्यावर अडीच मीटर खोल ओसरी सोडली तर पन्नास चौरस मीटर, म्हणजे साधारण ५४० चौरस फूट. सात दुकानांत वाटले तर प्रत्येकी पंच्याहत्तर-ऐंशी फूट. स्टेशनजवळच्या भावाने ही रक्कम लहान नाही, मला मान्य आहे. किराणावाले शहा काका (नाव बदललंय, स्वभाव तोच) लगेच म्हणाले, "ताई, मी ओसरी सोडीन हो, पण शेजारच्याने उद्या तिथे शटर लावलं तर माझी ओसरी काय कामाची? माझ्याकडे चार पायऱ्या चढायच्या, चालायचं आणि पुन्हा चार पायऱ्या उतरायच्या? तुमची आई चढेल?"

मंडळी, सगळ्या विषयाचं मर्म या एका प्रश्नात आहे. शहा काका कंजूषपणा करत नव्हते. ते अगदी बरोबर बोलत होते. एकट्या इमारतीची ओसरी ही नुसती ओसरी असते, शेजाऱ्यांच्या ओसऱ्या जुळल्या तरच तिची वाट होते. जोती एका उंचीवर हवीत, रुंदी जुळायला हवी, मधे भिंत नको. आणि हे एकेकट्या भल्या माणसाच्या मनावर सोडून होत नाही, कारण जो आधी सोडतो तो तोट्यात जातो. सगळ्यांना एकदमच सोडायला लावलं तर कुणाचंच नुकसान नाही. नियम असतो तो यासाठी. चांगल्या माणसाला चांगलं वागणं परवडावं म्हणून.

बैठकीत एवढं ठरलं की आर्किटेक्ट दोन मीटरच्या ओसरीचा एक पर्याय काढून आणेल, आणि तिचं जोतं रस्त्यापासून फार उंच न ठेवता उतार देईल. दुकानदारांपैकी चौघांनी मान हलवली, तिघांनी नाही. बघू. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे.

पण खरी जागा ती बैठक नव्हे. आपल्या नगररचना कायद्यात, १९६६ च्या, एक फार चांगली सोय आहे आणि आपण ती फार कमी वापरतो. गावाचा विकास आराखडा तयार झाला की तो लोकांसमोर ठेवावा लागतो आणि हरकती-सूचना मागवाव्या लागतात. आपण काय करतो? आपल्या सातबाऱ्यावर आरक्षण पडलंय का तेवढं बघतो आणि घरी येतो. "स्टेशन रस्त्यावर नवी इमारत बांधताना तळमजल्याला एका उंचीची सलग ओसरी सोडावी" ही एक ओळीची सूचना कुणीही लिहून देऊ शकतो. ना तिला वकील लागतो, ना पैसा. नुसता फुटपाथ मागायलाही आता आधार आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनात चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलेली आहे, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना फुटपाथ मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं आहे. म्हणजे आपण मेहेरबानी मागत नाही आहोत.

आणि कोळगावच्या नव्या जागेवर तर हे सगळ्यात सोपं आहे. तिथे पाडायचं काही नाही, हटवायचं कुणाला नाही. बाजाराचे भूखंड विकताना अटींच्या कागदात चार ओळी जास्तीच्या, बस. चंडीगडच्या सेक्टर १७ मध्ये असंच झालं. दुकानांपुढे सलग व्हरांडे हवेत, दर्शनी बाजू अमुक चौकटीत हवी, हे आधी लिहिलं गेलं आणि मग बाजार उभा राहिला. गाड्या बाहेर ठेवून लोक अजून तिथे पायी हिंडतात. एकदा इमारती उभ्या राहिल्या की मात्र हे दार बंद होतं. मग उरतात ती फक्त मोडलेली मनगटं आणि लादी कुणाची यावरच्या चर्चा.

१८९६ साली ज्या कुणी टेबलावर बसून तो नियम लिहिला, त्या माणसाचं नाव आपल्या कुणाच्या तोंडी नाही. रस्त्याला नाव आधी हॉर्नबीचं होतं, नंतर दादाभाईंचं आलं, तेही योग्यच. पण त्या नियमाखालून सव्वाशेहून जास्त वर्षं कारकून, टायपिस्ट, डबेवाले, कॉलेजची पोरं आणि पालघरहून शटलने आलेल्या माझ्यासारख्या बायका कोरड्या चालत गेल्या. सरकारी कागदाला याहून मोठं पुण्य काय मिळणार?

आईला मी हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "नवीन इमारत व्हायला किती वर्षं लागतील?" मी म्हटलं, चार तरी. ती म्हणाली, "मग माझ्यासाठी नको भांडूस. तुझ्यासाठी भांड. तेव्हा तुझे गुडघे गेलेले असतील."

तर नातलगांनो आणि मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या इमारती या ना त्या गावात रीडेव्हलपमेंटला निघालेल्या आहेत हे मला माहीत आहे. नकाशा समोर आला की कार्पेट जरूर विचारा, पार्किंगही विचारा. आणि मग आवाज जरा मोठा करून एवढं विचारा: चालणारा माणूस यात कुठून जातो? काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.